पूर्ण ताकदीने आवळा

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने माझ्या स्कूटरचे कागद हातात घेतले, माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "घरी कोणी जेन्ट्स नाहीत का मॅडम? त्यांना समजावून सांगितलं असतं." मी त्याला सांगितलं की गाडी माझी, लायसन्स माझं, तेव्हा समजही माझीच चालेल. त्याने मान डोलावली आणि इंजिन ऑइल बदलण्याच्या एका कामापुढे आणखी सहा कामं लिहिली. त्यातली चार नेमकी कशासाठी, ते त्यालाही सांगता येईना. मी कागद परत घेतले, चावी उचलली आणि ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत हेल्मेटच्या आत एकटीच भांडत आले.

या भांडणाचं पुढे पत्रक होणार, हे ठरलेलंच होतं. आमच्या घरी तीच रीत आहे. बाबा एमआयडीसीतल्या पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर टर्नर होते. पण लहानपणी कोणी विचारलं की तुझे बाबा काय करतात, तर मी सांगायचे, पत्रकं काढतात. गेटवरच्या सभेची पत्रकं, आमच्या गल्लीत पाणी येत नाही म्हणून काढलेली पत्रकं, वाचनालय वाचवा, दारूचा गुत्ता हटवा, मुलींना शाळेतून काढू नका. आमच्या फळ्यांवर डब्यांखाली पत्रकं अंथरलेली असायची आणि चहा होईपर्यंत मी ती वाचत उभी राहायचे. बालवाडीत बाईंनी 'ज'वरून शब्द विचारला, तेव्हा बाकीची मुलं जहाज म्हणाली, मी 'जाहीर' म्हणाले. अजूनही मला साधा निरोप लिहिता येत नाही. दुधाची पिशवी घेऊन ये, एवढं लिहायचं असलं तरी मी आधी परिस्थिती मांडते.

तर सर्व्हिस सेंटरहून आल्यावर मी व्हिडिओ पाहिले, एक रिंग पाना आणला, जुना टब घेतला आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आडवी पडून स्वतःच्या स्कूटरचं ऑइल बदललं. सांगण्यासारखं काहीच अवघड नव्हतं. इंजिनच्या पोटाखाली एक बोल्ट असतो, तो काढला की काळं झालेलं ऑइल खाली येतं. सगळं निथळलं की बोल्ट परत लावायचा आणि वरून नवं ऑइल ओतायचं. संपलं. एवढ्याशा कामासाठी मला 'जेन्ट्स' आणायला सांगितलं होतं. संताप आला आणि आनंदही झाला. पुढच्या वर्षभरात मी हे काम आणखी दोनदा केलं. दर वेळी नखांत काळं राहायचं आणि ते मी दोन दिवस मुद्दाम कोणाकोणाला दिसेल असं मिरवायचे.

आमच्या गल्लीतल्या विहारात रविवारी वंदना झाली की एक तास शिकण्याचा असतो. ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, एवढाच नियम. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांनी फॉर्म भरायला शिकवलं. एका नर्सताईंनी ब्लडप्रेशर मोजायला शिकवलं. आमच्या तळमजल्यावरच्या मावशीने तर गल्लीतल्या सगळ्या लग्नाळू पोरांना ओळीत बसवून भाकरी थापायला शिकवलं होतं. तिने त्यांच्या भाकऱ्यांना जी नावं ठेवली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्या मालिकेत माझा रविवार आला. विषय अर्थातच ठरलेला होता.

विषय ठरला की पत्रक. 'आपली गाडी, आपला पाना' असा मथळा दिला. वरच्या अर्ध्या पानात गॅरेजवाल्यांची मक्तेदारी, ग्राहकांचं अज्ञान, स्त्रियांचा अपमान आणि ज्ञानाची कुलपं यांचा समाचार घेतला. खालच्या अर्ध्या पानात कृती, सात पायऱ्यांत. पाचवी पायरी मला स्वतःला फार आवडली होती. 'बोल्ट पूर्ण ताकदीने आवळा. ढिलाईला थारा देऊ नका.' लिहून झाल्यावर मी ती मोठ्याने वाचून पाहिली. सभेत म्हणता येईल अशी झाली होती.

बाबांना मी पत्रक दाखवलं नाही. हे मुद्दाम केलं. बाबा पत्रक हातात घेतात, पेन काढतात आणि विशेषणं छाटतात. माझी विशेषणं मला हवी होती.

पण त्यांचा एक नियम मी पाळला. ज्याच्याविरुद्ध पत्रक, त्याला पहिली प्रत नेऊन द्यायची, आणि ती हातात द्यायची. पाठीमागे बोलणं वेगळं आणि पत्रक काढणं वेगळं, असं ते म्हणतात. तेव्हा झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मी पहिली गेले ती आमच्या रस्त्याच्या टोकाच्या गॅरेजवाल्याकडे. तो मूळच्या गावातला, आगरी. त्याच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता आमच्या बिल्डिंगी आहेत, आणि त्यांच्या घराच्या पुढच्या पडवीत त्याचं गॅरेज. कळकट बनियनला हात पुसून त्याने पत्रक घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. एवढं लक्ष देऊन माझं पत्रक कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. पाचव्या पायरीपाशी तो जरा थांबला. मग म्हणाला, "बरा लिवलंस," आणि घडी घालून खिशात ठेवलं. मी मान ताठ ठेवून निघाले. मला वाटलं, माणूस निरुत्तर झाला.

आता मावशीबद्दल सांगायला हवं, कारण यापुढचं सगळं तिच्या स्कूटरचं आहे. मावशी डबे देते. आधी ती एका कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. ते बंद पडल्यावर तिने घरूनच डबे सुरू केले. स्कूटरच्या मागे तिने लोखंडी चौकट बसवून घेतली आहे, दोन्ही बाजूंना खण, त्यात डबे उभे राहतात आणि वळणावर कलंडत नाहीत. इतके दिवस तिचे डबे डोंबिवलीतल्या डोंबिवलीत जायचे. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसापासून, सोमवारपासून, तिला घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसचे तीस डबे मिळाले होते. दुपारी पावणेएकच्या आत टेबलावर पाहिजेत, पहिला आठवडा बघू, मग पुढचं ठरवू, असं त्यांनी सांगितलं होतं. त्याआधी दोन जणींना त्यांनी उशीर झाला म्हणून पहिल्याच आठवड्यात बंद केलं होतं, हे मावशीला कळलं होतं. म्हणून तिने तीन दिवस आधी रस्ता चालवून पाहिला, शीळफाट्याला किती वेळ जातो आणि माजिवड्याला किती, ते घड्याळ लावून पाहिलं. आणि गाडी लांब जाणार तर ऑइल नवं असावं, म्हणून रविवारी ती शिबिरासाठी माझ्या स्वाधीन केली. म्हणाली, "तुला येतंय म्हणून देतेय हां."

रविवारी विहाराच्या अंगणात पंचवीसेक माणसं जमली. बाबा मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. मी पत्रक वाटलं, वरचा अर्धा भाग वाचून दाखवला, थोडी भर घातली. मग सतरंजीचा तुकडा टाकून आडवी झाले आणि कामाला लागले. बोल्ट निघाला. ऑइल टबात पडायला लागलं तेव्हा पुढच्या बायका अगदी वाकून बघत होत्या. एक आजी म्हणाल्या की हे तर आमच्या चुलीवरच्या तव्यापेक्षा काळं आहे. हशा झाला. मला वाटलं, हेच, हेच व्हायला हवं होतं.

मग पाचवी पायरी. बोल्ट परत लावला, पान्याने आवळला. तो छान बसला होता. खरं तर तिथेच थांबायचं. पण पत्रकात 'पूर्ण ताकदीने' लिहिलं होतं आणि पंचवीस माणसांच्या हातात ते पत्रक होतं. मी दुसरा हात लावला. मावशी माझ्या डोक्याशी उभी होती, ती म्हणाली, "बास की गं." मी म्हणाले, अर्धवट केलेलं काम न केल्यासारखंच असतं मावशी, आणि पाय भिंतीला टेकवून ओढलं.

आवाज वगैरे काही झाला नाही. हाताला लागत होतं ते लागायचं बंद झालं, इतकंच. पाना एकदम हलका झाला आणि बोल्ट फिरतच राहिला, बरणीचं झाकण फिरावं तसा. मी आणखी एकदा फिरवला. परत फिरला. मी पडल्या पडल्या वर बघितलं तर मावशीचा चेहरा उलटा दिसत होता, आणि उलट्या चेहऱ्यावरूनही कळत होतं की तिला कळलंय.

बाबा उठून आले. गुडघे धरत खाली बसले, मला बाजूला सरकायला सांगितलं आणि दोन बोटांनी तो बोल्ट फिरवत बाहेर काढला. बोल्टच्या आट्यांमध्ये चकचकीत बारीक तार गुंडाळलेली होती. ती त्यांनी नखाने सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"हे ऑइल साठतं त्या चेंबरचे आटे," ते म्हणाले. "चेंबर मऊ ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. तू ताकद लावलीस, तू जिंकलीस."

मागे कोणीतरी हसलं. मावशीने हसण्याकडे लक्ष दिलं नाही. तिने एकच विचारलं, उद्या सकाळी गाडी निघेल ना. मी ताबडतोब म्हणाले की माझी घेऊन जा, चौकट काढून माझ्या गाडीला बांधू. बाबा म्हणाले, आधी तुझ्या गाडीखाली बघून ये. माझी स्कूटर विहाराच्या दारातच होती. मी वाकले. बोल्टच्या डोक्याला एक तपकिरी थेंब लटकला होता आणि खाली जमिनीवर त्याच्या आधीच्या थेंबांचा वाटीएवढा डाग होता. तीन वेळा पूर्ण ताकदीने आवळलं होतं ना. बिल्डिंगमध्ये तसाच डाग मी महिनाभर पाहत होते आणि त्याचं खापर शेजारच्या रिक्षावर फोडत होते. त्या रिक्षावाल्या काकांना मी दोनदा त्याबद्दल सुनावलंही होतं.

मी पाना उचलून गॅरेजकडे पळायला निघाले, तर बाबांनी थांबवलं. म्हणाले, आधी पत्रक. ज्या हाताने वाटलं त्याच हाताने परत घ्यायचं, लोक घरी जाण्याआधी. मी म्हणाले, बाबा, मावशीची गाडी. ते म्हणाले, दोन मिनिटं लागतील, आणि नाही घेतलंस तर आज संध्याकाळपर्यंत या गल्लीत आणखी चार गाड्या अशाच पडतील. तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की पाचवी पायरी चुकीची आहे, मीच लिहिली आहे, कृपया पत्रकं परत द्या. आयुष्यात इतकं लहान भाषण मी केलेलं नाही. लोकांनी शहाण्यासारखी पत्रकं परत दिली. एका पोराने विचारलं, ताई, वरचा अर्धा भाग ठेवू का, तो चांगला आहे. त्याच्याही हातातून घेतलं.

तेलाविना गाडी सुरू करता येत नव्हती. मी आणि मावशीने ती ढकलत रस्त्याच्या टोकाला नेली, बाबा मागून आले. गॅरेजचं शटर बंद होतं. शटरच्या बरोब्बर मधोमध माझं पत्रक चिकटवलेलं होतं. पाचव्या पायरीखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आटे गेल्यावर इथे यावे.' शेजारी बाण काढला होता.

बाबा चष्मा वर करून ते वाचत राहिले. मग म्हणाले, "एकही विशेषण नाही बघ." त्या दिवशी मावशी पहिल्यांदा हसली, पण तेवढंच.

बाण गॅरेजच्या मागच्या वाडीकडे होता. तिथे मांडव पडला होता. गॅरेजवाल्याच्या पुतणीची त्या दिवशी हळद होती. एका बाजूला मोठमोठ्या टोपांखाली जाळ, एका बाजूला बायका जात्याभोवती बसून हळद दळत होत्या आणि एक म्हातारी धवलारीण लग्नाची जुनी गाणी सांगत होती, बाकीच्या मागून म्हणत होत्या. गॅरेजवाला पांढरा झब्बा घालून, मांडी घालून, कांद्यांच्या ढिगापुढे बसला होता. त्याच्या एका गालाला हळद लागली होती. मी त्या मांडवात काळे हात घेऊन उभी राहिले. त्याने आधी हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आलीस? मना वाटला अजून महिना लागंल," तो म्हणाला.

मी सरळ सांगितलं की चूक माझी आहे, पण गाडी दुसऱ्याची आहे. तो म्हणाला, ते होईल, पहिलं जेवा, हळदीच्या घरातून कोणी उपाशी जात नाही. बाबा बसायलाच लागले होते. मावशी मात्र उभीच राहिली. तिने पदर नुसता हातात धरला होता. गॅरेजवाल्याने तिला विचारलं, गाडी तुझी का. तिने सांगितलं, उद्या तीस डबे, घोडबंदर, पावणेएक, पहिला दिवस. बाकी काही सांगितलं नाही आणि रडगाणंही गायलं नाही. त्याने सुरी खाली ठेवली, टोपातल्या पाण्याने हात धुतले आणि भावाला हाक मारून कांद्यांवर बसवलं. मग म्हणाला, "चल वहिनी. जेवन पलत नाय."

शटर उघडून त्याने पत्र्याच्या डब्यातून एक टॅप काढला. आटे पाडायचं हत्यार ते. बोटाएवढी पोलादी कांडी, तिला उभ्या खाचा आणि धारदार दात, वर फिरवायला आडवी मूठ. जुने आटे गेले की भोक एका मापाने मोठं करून नवे आटे पाडायचे आणि मोठा बोल्ट बसवायचा. एवढं सांगून त्याने तो टॅप माझ्यासमोर धरला.

"पत्रकात काय लिवलंस? आपली गारी, आपला पाना. मंग घे."

मावशी म्हणाली, "परत हिच्या हातात?"

मला वाटतं, ती त्या दिवशीची सगळ्यात रास्त हरकत होती. मी हात मागे घेतला. मला खरोखर भीती वाटत होती, कारण आता चुकलं तर पूर्ण चेंबर बदलावं लागलं असतं आणि ते रविवारी कुठे मिळणार. तेव्हा बाबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. म्हणाले, ती फिरवेल, हात माझा असेल.

आणि मग मी माझ्या बाबांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं. तीस वर्षं ते रोज सकाळी डबा घेऊन जायचे आणि रोज लोखंडाचा वास घेऊन यायचे. त्यांनी काढलेल्या पत्रकांच्या अठरा फायली मी तारखेवार लावून ठेवल्या आहेत. पण ते तिकडे आठ तास हाताने काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी आधी टॅपच्या खाचांत ग्रीस भरायला सांगितलं, म्हणजे कातरलेला धातू त्याला चिकटतो आणि इंजिनात जात नाही. मग टॅप भोकाला लावला आणि सुरू करण्याआधी दोन बाजूंनी डोळा लावून पाहायला लावलं, तो सरळ आहे का. सुरुवातीला वाकडा गेला तर शेवटपर्यंत वाकडा जातो. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"अर्धा फेरा पुढे. आता पाव मागे. मागे का? कचरा तुटायला. परत अर्धा पुढे. घाई करशील तर दात तुटेल."

अर्धा पुढे, पाव मागे. मला हे फार जड गेलं. माझ्या स्वभावात मागे येणं नाही. प्रत्येक वेळी मागे फिरवताना वाटायचं की झालेलं काम आपण परत घालवतोय. पण मागे आणलं की आतून बारीक कुरकुर यायची, कचरा सुटायचा, आणि पुढचा अर्धा फेरा लोण्यासारखा जायचा. मधेच गॅरेजवाल्याने सांगितलं की ग्रीसबरोबर दोन थेंब तेलही टाका. बाबा म्हणाले, ॲल्युमिनियमला नको. तो म्हणाला, काका, मी वीस वर्षं टाकतो. यावर दोघांत माझ्या डोक्यावरून असा काही वाद रंगला की पंपाच्या भागांपासून कुठल्या कंपनीचं ग्रीस कधी बिघडलं इथपर्यंत पोचला. तो संपता संपता गॅरेजवाला बाबांना 'मास्तर' म्हणू लागला होता. बाबांना इतकं खूश मी गेटवरच्या सभेत टाळ्या पडल्यावरही पाहिलेलं नाही.

मी पडल्या पडल्याच विचारलं, हे सगळं तुम्ही मला कधी सांगितलं का नाही. ते म्हणाले, कारखान्यातलं काम घरी कशाला आणायचं, घरी आणायला पत्रकं होती. मग म्हणाले, आणि तू कधी विचारलंस?

टॅप बाहेर काढला तेव्हा त्याच्या खाचांत ग्रीसमध्ये रुतलेला चंदेरी कचरा होता. वरून थोडं साधं ऑइल ओतून उरलासुरला कचरा धुऊन काढला. मग मोठा बोल्ट, नवा वायसर. आधी नुसत्या बोटांनी, जाईल तिथवर. मग पाना. बाबा म्हणाले, "बसला. आता किंचित. बास." बास म्हटल्यावर माझा हात थांबला, पण खांद्यापर्यंत सगळी ताकद जागी होती, तिला काही काम मिळालं नाही. मावशी माझ्या हाताकडे डोळे लावून उभी होती. मी पाना काढून तिच्याच हातात दिला.

नवं ऑइल ओतलं, गाडी दहा मिनिटं चालू ठेवली आणि खाली पांढरा कागद ठेवला, थेंब पडलाच तर दिसावा म्हणून. कागद म्हणजे परत घेतलेल्या पत्रकांपैकीच एक, कोऱ्या बाजूने वर. मग आम्ही मांडवात जेवायला गेलो. मावशी दर पाच मिनिटांनी उठून कागद बघून यायची. तिसऱ्या खेपेनंतर तिने स्वतःच्या हाताने भात वाढून घेतला, तेव्हा मला कळलं की कागद कोरा आहे.

जेवताना गॅरेजवाल्याने पत्रकाच्या वरच्या अर्ध्या भागाचा विषय काढला. त्याचं म्हणणं असं, की मक्तेदारी म्हणतेस ती माझी कुठली, माझ्याकडे एक बाकडं आणि दोन पाने. मी त्याला सर्व्हिस सेंटर, तो माणूस, ती सहा कामं आणि 'जेन्ट्स' सगळं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंग त्याचा लिव ना. माझ्या नावानं कनाला?" मी सगळ्यांना एका पोत्यात भरलं होतं आणि पोतं ओळखीच्या दारात नेऊन आपटलं होतं, कारण ते जवळ होतं. सर्व्हिस सेंटरबद्दल लिहिलेला एकही शब्द मी मागे घेतला नाही, आजही घेत नाही. पण त्याच्याबद्दलचे घेतले. मांडवातच, तोंडी, त्याच्या भावासमोर. शटरवरचा कागद मात्र त्याने काढू दिला नाही. म्हणाला, धंद्याला चांगला आहे.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला दांडी मारली आणि मावशीच्या मागे बसले. तिने नको म्हणून पाहिलं. मी ऐकलं नाही. खणांत सव्वीस डबे, माझ्या मांडीवर पिशवीत चार, पाठीला ऑइलची बाटली, चिंध्या आणि पाना. मावशीने पाना मात्र निघतानाच काढून तळमजल्यावर ठेवायला लावला. शीळफाट्याला गाड्या अडकल्या तेव्हा मी उतरून बोल्ट बघितला. कोरडा. बायपास उतरून माजिवड्याला आलो, तिथल्या सिग्नलला परत बघितला. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मावशीने त्याला मान वळवून काहीतरी सांगितलं आणि तो गप्प झाला. पुढे घोडबंदरच्या त्या नेहमीच्या कोंडीत मेट्रोच्या खांबांमधून ती ज्या शांतपणे वाट काढत होती, त्यावरून कळत होतं की रस्ता तिने खरंच घड्याळ लावून पाठ केलाय.

सव्वाबाराला आम्ही पोचलो. लॉबीत गार हवा होती आणि समोर चार लिफ्ट होत्या. गार्डने डबे पाहिले आणि सांगितलं की डबेवाल्यांनी मागच्या सामानाच्या लिफ्टने जायचं. मी श्वास घेतला. माणसांचा जेवणाचा घास माणसांच्या लिफ्टने का नाही, हा विषय माझ्या जिभेवर पूर्ण तयार होता, मथळ्यासकट.

मावशी म्हणाली, "ते उद्या. आज भात गरम आहे."

आम्ही मागच्या लिफ्टने गेलो. पावणेएकला दहा मिनिटं कमी असताना तीसही डबे टेबलावर ओळीत लागले होते. पहिली माणसं हात धुवून येताना दिसली तशी मी खाली सटकले, कारण मला दुसरंच काहीतरी बघायचं होतं. पार्किंगच्या फरशीवर आडवी होऊन मी मोबाइलचा टॉर्च लावला. गाडी दोन तास चाललेली, इंजिन तापलेलं, गळायचं असेल तर आत्ताच गळणार. बोल्टवर नुसती धूळ होती. बोट लावून पाहिलं. बोटाला धूळच आली.

मी तशीच पडून होते, तेवढ्यात मावशीच्या चपला दिसल्या. वरून तिचा आवाज आला, की एका मॅडमने आमटी मागून घेतली, आणि सगळे विचारत होते उद्या काय आहे म्हणून.

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, खाली विचारून सांगते. गळतंय का?"

"नाही."

"मग वांगी," ती म्हणाली आणि मला उठवायला हात पुढे केला.